गोंधळ उरला, आख्यान चालले

गेल्या माघातली गोष्ट. गंगाखेड आणि सोनपेठ यांच्यामधल्या एका लहानशा गावी, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी, लग्नानंतरच्या गोंधळाचे बोलावणे होते. आमच्या भागात गोंधळाचे बोलावणे म्हणजे वस्तुतः जेवणाचे बोलावणे. मंडळी येतात, पंगतीला बसतात, वधूवरांच्या हाती पाकीट ठेवतात आणि संबळावर पहिली काठी पडण्यापूर्वी चपला शोधू लागतात. प्रस्तुत लेखकाचाही बेत याहून फारसा वेगळा नव्हता. पुरणाचे जेवण करावे, दहा मिनिटे देवीपुढे बसल्यासारखे करावे आणि परभणीकडे जाणारी शेवटची एस.टी. गाठावी, असे ठरवूनच मी निघालो होतो. ती गाडी चुकली. चुकली हे फार बरे झाले असे आज वाटते, आणि त्या रात्री जे ऐकले त्याविषयी लिहिणे अवश्य वाटते. कारण तसे ऐकायला मिळणे आता आपल्या जिल्ह्यातही दुर्मिळ होत चालले आहे, आणि त्याला जे जबाबदार आहेत त्यांत मी स्वतःही आहे.

अंगण मोठे नव्हते. शेणाने सारवलेले, एका अंगास गुरांचा गोठा, दुसऱ्या अंगास ओसरी. मधोमध पाट, पाटावर नवे चोळखण, खणावर गव्हाची रास, राशीवर पाण्याने भरलेला कलश, त्यात विड्याची पाने आणि वर नारळ. भोवती पाच उसांचा मांडव उभा केलेला. त्यालाच चौक भरणे म्हणतात. बाजूला दिवटी आणि तिला तेल पाजणारी बुधली. जेवून गेलेली मंडळी वजा जाता चाळीस-पन्नास माणसे उरली असतील. त्यांत निम्म्याहून अधिक बायका, आणि त्या बहुतेक ओसरीवर व दाराआड. नवी नवरी मात्र रीतीप्रमाणे चौकाजवळ, नवऱ्याच्या शेजारी, मान खाली घालून बसली होती.

गोंधळी चौघे होते. नायक साठीच्या पुढचे. अंगात पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळी मळवट. कमरेला संबळ बांधलेला त्यांचा मुलगा पंचविशीतला, तुणतुण्यावर पुतण्या आणि झांज धरलेला एक हसऱ्या तोंडाचा म्हातारा साथीदार. यजमानाच्या धाकट्या भावाने हौसेने माईक आणि दोन पेट्या भाड्याने आणल्या होत्या. नायकांनी माईक हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत केला. "राहू द्या बापू. माईक लावला की मंडळी लांब जाऊन बसतात." इतके साधे कारण! आवाज पोचवण्याच्या यंत्राने माणसे दूर जातात, ही गोष्ट मी तीस वर्षे सभासंमेलने पाहूनही माझ्या ध्यानी आली नव्हती. पेट्या बंद झाल्या आणि खरोखरच, ऐकू यावे म्हणून सारी मंडळी हातभर पुढे सरकली.

मग आवाहन सुरू झाले. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची महालक्ष्मी, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, सगळ्यांना नावागावासकट गोंधळाला या म्हणून बोलावणे गेले. पुढे आसपासच्या गावांची दैवते आली, मग या गावचा मारुती, आणि सरतेशेवटी या घराच्या बांधावरची, शेंदूर लावलेल्या दगडाच्या रूपातली, बाहेरच्या कोणाला ठाऊक नसलेली एक देवी. तिचे नाव येताच ओसरीवरच्या बायकांनी पदर सावरले. शाळेत आम्ही भूगोल शिकवतो तो गावापासून जगाकडे जातो. येथे उलटे होते. सबंध महाराष्ट्र फिरून स्वारी या अंगणात येऊन थांबली.

तासाभराने पूर्वरंग आटोपला तेव्हा यजमानाने घड्याळ पाहिले आणि "आता आरती करून घेऊ" असे सुचवले. नायकांनीही दिवटीकडे हात नेला. त्यात नवल काही नव्हते. अलीकडे गोंधळ एवढाच असतो, हे दोन्ही पक्षांना मुकाट्याने मान्य झालेले आहे. तेवढ्यात ओसरीवरून यजमानाची आजी बोलली. वय ऐंशीच्या घरात, डोळ्यांना दिसणे कमी, पण आवाज खणखणीत. "आख्यान नाही? मग गोंधळ कशाचा झाला हा?"

नायकांचा हात थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला आनंद म्हणावे की भीती, ते मला सांगता येणार नाही. बऱ्याच दिवसांत कोणी मागणी केलेली नसावी. त्यांनी विचारले, "कोणतं सांगू, माय?"

"जांभळाचं सांग."

माझी एस.टी. चुकली ती येथे.

जांभूळ आख्यान ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगितले पाहिजे. पाच पांडवांची पत्नी असलेल्या द्रौपदीच्या दृष्टीस कर्ण पडतो आणि तिच्या मनात येते की हा सहावा असता तर! कृष्ण ते मन ओळखतो. सगळ्यांना घेऊन तो वनात जातो. तेथे भीम एका झाडाचे एकुलते जांभूळ तोडतो, आणि मग कळते की ते एका ऋषीचे आहे, त्याच्या कोपातून सुटायचे तर फळ पुन्हा देठाला चिकटले पाहिजे. उपाय एकच. प्रत्येकाने आपल्या मनातले खरे खरे बोलावे. सत्याच्या बळाने फळ वर चढेल.

कथा एवढीच, सांगणारा तिच्यात काय भरतो ते पाहण्यासारखे. नायक अर्धे गात होते, अर्धे बोलत होते, आणि गाणे कोठे संपले, बोलणे कोठे सुरू झाले ते कळू देत नव्हते. झांजवाला म्हातारा मधेच शंका काढी. भीमाला भूक लागली असे नायक म्हणाले की हा विचारी, "मघाच्या पंगतीला नव्हता का तो?" आणि यजमानाच्या एका स्थूल मेव्हण्याकडे सर्वांच्या नजरा वळत. प्रत्येक पांडवाने सत्य सांगितले की जांभूळ वर चढे. "चढलं का?" म्हातारा विचारी. "चढलं!" असे प्रथम नायक एकटे म्हणत होते, तिसऱ्या भावापासून मुले म्हणू लागली, सहदेवापर्यंत सबंध ओसरी म्हणू लागली.

मग द्रौपदीची पाळी आली. ती बोलली, पाच पतींवाचून माझ्या मनात कोणी नाही. जांभूळ खाली पडले.

येथे संबळ थांबला. तुणतुण्याची एकटी तार तेवढी वाजत राहिली. नायक चौकापासून चार पावले ओसरीकडे गेले आणि दाराआडच्या अंधाराला उद्देशून अगदी घरगुती आवाजात म्हणाले, "आता काय करावं, बायांनो? सांगावं का झाकावं?" कोणी बोलेना. त्या शांततेत पुरुषमंडळींपैकी कित्येकांनी जमिनीकडे पाहिले, हे मी पाहिले. बऱ्याच वेळाने आजीच बोलल्या. "सांगू दे तिला. किती दिवस मनात ठेवावं?"

मग द्रौपदीने सांगितले. नायकांनी ते गायले नाही. हलक्या आवाजात, एका साध्या वाक्यात बोलून टाकले. जांभूळ उठले, चढत गेले आणि देठाला लागले. या सांगणाऱ्याच्या कथेत तिला कोणी शासन केले नाही, बोल लावला नाही. रात्र झाली, घरी चला, असे धर्मराज म्हणाला आणि सारे निघाले. संबळ पुन्हा वाजू लागला. मी नव्या नवरीकडे पाहिले. इतका वेळ खाली असलेली तिची मान वर झाली होती आणि ती सरळ नायकांकडे पाहत होती.

लग्न झाल्यास तीन दिवस झालेल्या मुलीसमोर, तिच्या सासूसासऱ्यांच्या देखत, देवीच्या साक्षीने, बाईच्या मनाला स्वतःचे काही असते ही गोष्ट उघड सांगणारी ही परंपरा आहे. आपण तिला अडाणी समजतो. नवकथेने, नवनाट्याने स्त्रीच्या अंतर्मनाचा शोध लावला असे आम्ही वर्गात शिकवत आलो. गंगाखेडच्या जनाबाईंनी सातशे वर्षांपूर्वी दळणकांडण करता करता विठ्ठलाशी जी सलगी केली ती याच मुलखातली. तेव्हा शोध नेमका कोणाला आणि केव्हा लागला, हे जरा तपासून पाहावे लागेल.

आता कोणी म्हणेल की व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही. खरेच नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पुरी केलेली चिकित्सक आवृत्ती उघडून पाहिली तर त्या संहितेत हे जांभूळ सापडणार नाही. त्या विद्वानांचे काम डोंगराएवढे आहे आणि त्याविषयी मला आदरच आहे. पण शेकडो पोथ्या ताडून मूळ कोणते ते ठरवणे हे एक काम, आणि कोरडवाहू शेतात दिवसभर राबलेल्या माणसांना द्रौपदी आपल्या घरातली वाटावी असे करणे हे दुसरे काम. दुसरे काम करणाऱ्यांची नावे कोणत्याही खंडाच्या मुखपृष्ठावर आली नाहीत.

एक नाव मात्र आले, आणि ते परभणीचे आहे. राजारामभाऊ कदम या परभणीच्या गोंधळी कलावंताच्या मुखातले जांभूळ आख्यान इंडियन नॅशनल थिएटरच्या लोककला संशोधनामुळे मुंबईच्या नागर रंगभूमीवर पोचले. कवी अशोकजी परांजपे यांनी त्यासाठी पुष्कळ पायपीट केली. पुढे शाहीर विठ्ठल उमप यांनी ते आख्यान आपल्या विलक्षण गळ्याने आणि अभिनयाने महाराष्ट्रभर नेले. २०१० साली त्यांचे निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांनी जी आठवण पहिल्याने काढली तिच्यात हे आख्यान होते. एकटा पुरुष भीम होतो, कृष्ण होतो आणि क्षणात द्रौपदी होतो, हे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. तो प्रयोग थोर होता यात शंका नाही. तरीही सांगितले पाहिजे की तो प्रयोग होता. तिकीट काढून आलेला प्रेक्षक अंधारात असतो, कलावंत उजेडात. कलावंताला प्रेक्षकाचे तोंड दिसत नाही. "सांगावं का झाकावं?" असे तेथे विचारले तर ते संहितेतले वाक्य ठरते, त्या अंगणात तो खरोखरीचा प्रश्न होता, आणि आजींनी उत्तर दिले नसते तर कथा कोणत्या वाटेने गेली असती, कोणास ठाऊक.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. १९३०च्या दशकात मिल्मन पॅरी हा अमेरिकन पंडित तेव्हाच्या युगोस्लाव्हियात गेला आणि एकतारी वाद्यावर रात्ररात्र वीरकथा गाणाऱ्या निरक्षर गायकांचे गाणे त्याने ध्वनिमुद्रित केले. १९३५ साली तो अकाली वारला. त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड याने ते काम पुढे नेऊन १९६० साली ग्रंथरूपाने मांडले. त्यांचा निष्कर्ष असा की हे गायक हजारो ओळी पाठ करून म्हणत नाहीत. त्यांच्यापाशी कथेचा सांगाडा आणि ठरीव शब्दबंधांचा साठा असतो, आणि समोर बसलेल्या श्रोत्यांचा उत्साह पाहून ते त्याच क्षणी काव्य रचतात. श्रोते जांभया देऊ लागले की काव्य आखडते. रंगले की फुलते. होमरची महाकाव्ये अशीच घडली असावीत, असे त्यांचे म्हणणे. हे वाचून आम्हां मराठी शिक्षकांना फार अप्रूप वाटते. आणि तीच क्रिया ज्या घरी घडण्याचा संभव असतो तेथून आम्ही जेवून शेवटच्या गाडीने परत येतो!

गोंधळ जुना किती, याची चर्चा पंडितांनी केली आहे. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त आणि देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात रचलेल्या 'संगीतरत्नाकरा'त गौंडली नावाच्या नृत्याचे वर्णन येते आणि गोंधळाचा संबंध तेथपर्यंत नेला जातो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी या उपासकांविषयी विस्ताराने लिहिले आहे. जिज्ञासूंनी ते मुळातून वाचावे. गोंधळ्यांच्या कदमराई आणि रेणुराई या दोन शाखा, बोटांच्या खुणांनी दुरून नाव ओळखण्याची त्यांची करपल्लवी, हा प्रत्येक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. (त्या रात्री करपल्लवीने माझे नाव ओळखले गेले. आडनावात मात्र गफलत झाली आणि म्हातारा साथीदार अजिबात न खजील होता म्हणाला, "पूर्वी असंच असेल.")

एवढे मात्र आपल्या मुलखापुरते ध्यानी घेतले पाहिजे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. खेड्यातल्या माणसाला मराठी वाङ्मय भेटले ते पुस्तकात नव्हे. कीर्तनात, भारुडात, जात्यावर आणि गोंधळात भेटले. आमच्या आधीच्या पिढीची भाषा जी ठसठशीत राहिली ती या रात्रींच्या पुण्याईवर. पुढे मराठी शाळा आल्या, ग्रंथालये आली, विद्यापीठ आले आणि आम्ही शिकलो. शिकल्यावर आम्ही काय केले ते सांगणे भाग आहे.

माझ्या मुलीचे लग्न शहरातल्या एका मंगल कार्यालयात झाले. कुळाचार म्हणून गोंधळ घातला. सभागृह रात्री दहाला रिकामे करावयाचे होते, फुले काढणारी माणसे शिडी घेऊन उभी होती, आणि मी स्वतः, चाळीस वर्षे मराठी शिकवलेला माणूस, गोंधळ्यांना म्हणालो, "जरा आटोपून घ्या." त्यांनी आटोपले. पंधरा मिनिटांत देवीचे नाव, एक लोकप्रिय चाल, दिवटीची आरती आणि दक्षिणा. छायाचित्रे सुरेख आली आहेत. त्या गोंधळ्यांना कोणती आख्याने येत होती हे मी विचारलेही नाही. ती माणसे आज कोठे आहेत, ठाऊक नाही.

घरोघर हेच चालले आहे. विधी टिकला आहे, कारण देवीची भीती टिकली आहे. आणि आख्यानावाचूनही देवी कोपत नाही असा अनुभव आल्यामुळे आख्यान गळून पडले आहे. दुसरीकडे गोंधळ रंगमंचावर चढला. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत आमची मुले भरजरी झगे घालून गोंधळ सादर करतात. त्यांचा जोम वाखाणण्याजोगा असतो. पण तेथे घड्याळाची घंटा आहे. ठरल्या मिनिटांत बसायचे तर कथा कशी बसणार? मग उरतो तो संबळाचा कडकडाट, गिरक्या आणि 'उदो'चा गजर. पाहणाऱ्यास वाटते की गोंधळ म्हणजे हेच. गोंधळात गाणे आहे, नाच आहे हे खरे. पण गाणे आणि नाच ही कथेला नेणारी पालखी आहे. आता पालखी नाचते आहे आणि आत कोणी नाही.

पहाटे आरती झाली. ओसरीवर चहा घेताना नायकांच्या मुलाशी बोलणे झाले. तो पदवीधर आहे, परभणीत एका दुकानात हिशेब लिहितो. संबळ असा वाजवतो की दगडाने मान डोलवावी. मी विचारले, "आख्यान सांगतोस का?" तो म्हणाला, "येतात दोन-तीन. पण सांगत नाही, सर." का, म्हणून विचारले तेव्हा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "संबळ वाजवला तर कलाकार म्हणतात. झगा घालून दारात उभा राहिलो तर मागायला आला म्हणतात."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. गोंधळी हा भटक्या जमातींच्या यादीतला समाज. पिढ्यान्पिढ्या जोगवा आणि दक्षिणा यांवर गुजराण झालेली. गावाने त्यांना देवीचे भक्त म्हणून पाया पडण्याइतके वर ठेवले आणि पंगतीत मात्र सर्वांच्या शेवटी बसवले. त्या रात्रीही ते चौघे सर्वांच्या मागून जेवले, आणि त्यात कोणालाही, मलाही, काही वावगे वाटले नाही. वाटले ते सकाळी, त्या मुलाचे वाक्य ऐकल्यावर. या समाजातला मुलगा शिकून हिशेब लिहू लागला तर त्याचे अभिनंदन करावयाचे की परंपरा बुडाली म्हणून गळा काढावयाचा? आमची मुले अभियंते व्हावीत आणि त्याच्या मुलाने मात्र आमच्यासाठी कवड्यांची माळ सांभाळावी, असे म्हणण्याचा आम्हांस काय अधिकार? लोककलेच्या ऱ्हासाबद्दल जे हळहळीचे लेख येतात त्यांत हा प्रश्न सहसा चुकवला जातो. मला तो चुकवता येत नाही.

पण त्याच्या बोलण्यात एक गोष्ट होती. आख्यान नको, असे तो म्हणाला नाही. त्यासाठी जे सोसावे लागते ते नको, असे म्हणाला. छत्तीसगडच्या तीजनबाईंना पंडवानीने पद्मविभूषणापर्यंत नेले, ते २०१९ साली. महाभारत तेच, एक तंबुरा तसाच, ओळीओळीला हुंकार देणारा साथीदारही तसाच. त्यांच्याही जातीने आणि घराने त्यांना सुखासुखी गाऊ दिले नव्हते. तेव्हा कला आणि अवमान यांची गाठ दैवाने मारलेली नाही. ती सुटू शकते. शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते ही चांगली गोष्ट आहे, आणि ते वेळेवर मिळाले तर अधिक चांगली होईल. पण मानधनाने म्हातारा जगतो, आख्यान जगत नाही. त्याला ऐकणारे लागतात, आणि ऐकणारे शासनाच्या निर्णयाने निघत नाहीत.

तेव्हा मागणी आपल्याकडून झाली पाहिजे. ज्यांच्या कुळाचारात गोंधळ आहे त्यांनी तो घालताना आख्यानासह घालावा आणि तसे आधी सांगावे. मंगल कार्यालयात रात्र मिळत नसेल तर लग्नानंतर चार दिवसांनी आपल्या घरी, गच्चीवर, पन्नास माणसांत घालावा. बिदागी आधी ठरवावी, वाजंत्रीवाल्यांशी ठरवतो तशी, आणि ती दक्षिणा म्हणून ताटात टाकू नये, हातात द्यावी. कलावंतांना पहिल्या पंगतीला बसवावे. कुळाचार ज्यांच्या घरी नाही त्यांनाही कथा ऐकण्यास कोणी मनाई केलेली नाही. शिक्षकांना एक विनंती. आपल्या शाळेच्या गावात किंवा शेजारच्या गावात आख्यान सांगणारा कोणी उरला असेल तर आठवी-नववीच्या मुलांना वह्या घेऊन त्याच्याकडे पाठवावे. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. पॅरीला त्यासाठी गाडीभर सामान न्यावे लागले होते. मात्र लिहिलेल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घालण्यास विसरू नये, आणि ध्वनिमुद्रण घेताना समोर चारदोन म्हाताऱ्या बायका अवश्य बसवाव्यात. नुसत्या यंत्राला कोणी मनापासून गोष्ट सांगत नाही.

काहींना जांभळाच्या कथेने द्रौपदीचा अपमान होतो असे वाटेल, हे मी जाणून आहे. भावना दुखावण्याच्या या काळात ती कथा मैदानावर सांगणे सोपेही राहिलेले नाही. अंगणात मात्र कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. तेथे सांगणारा ओळखीचा होता, ऐकणारे एकमेकांच्या नात्यातले होते आणि मधे देवी होती.

निघताना मी नायकांना विचारले की आपल्याला अशी किती आख्याने येतात. त्यांनी बोटांवर मोजावयास सुरुवात केली, एका हाताची बोटे संपली, दुसऱ्याची संपली, मग थांबले. "येतात म्हणजे, सांगून किती वर्षं झाली त्यावर आहे. जांभळाचं आज निघालं. बाकीची आतच आहेत." येत्या मार्गशीर्षात माझ्या पुतण्याचे लग्न आहे. मी त्यांना मंगळवार सांगून ठेवला आहे, आणि त्यांनी विचारले, रात्र पुरी आहे ना? पुरी आहे, म्हणून सांगितले. मुलगा संबळाच्या दोऱ्या सोडत बाजूलाच उभा होता; तो काही बोलला नाही, पण तारीख त्यानेच लिहून घेतली.